साक्षात भेटीची वाट : शिरगावचे होमकुंड आणि पुण्याची छावणी

वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री डिचोली तालुक्यातील शिरगावात लईराई देवीची जत्रा भरते. व्रतस्थ धोंड आधीचे काही दिवस सोवळ्याने राहतात, उपास करतात, तळीत स्नान करतात आणि हाती वेताची काठी घेऊन उत्तररात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांतून पार होतात. येथे देवीची मूर्ती नाही, मोगरीच्या फुलांनी मढविलेला कळस आहे. आणि तो कळसही त्या अग्नीतून जातो. कथा अशी सांगतात की, विस्तव आणावयास गेलेला भाऊ खेतोबा खेळात रमला, तेव्हा रागाच्या भरात लईराईने त्याला लाथ मारली. मग पश्चात्ताप होऊन तिने स्वतःस अग्नीतून चालण्याचे प्रायश्चित्त घेतले. देवीच पश्चात्तापाने होरपळते आणि भक्त तिच्यामागून तीच वाट चालतो, अशी ही कथा आहे.

याच कथेत सात बहिणी आहेत. मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडणे तालुक्यातील मोरजीची मोरजाई अशी त्यांची घरे जवळजवळच आहेत. सातवी बहीण मिराबाई म्हापशास गेली आणि तेथे ती मिलाग्र सायबीण झाली, असे लोक म्हणतात. शिरगावची लईराई आणि म्हापशाची सायबीण यांच्यात फुलांची आणि तेलाची देवघेव व्हावी, ही परंपरा गोमंतकीयांना नवी सांगावयास नको. पाद्री आणि भट यांच्या शास्त्रांत या नात्याला जागा नाही. तथापि लोकांनी ते जपले. दैवत कोणत्या धर्माचे, हा प्रश्न त्यांनी दुय्यम मानला. ते आपल्याला भेटते काय, आपल्या हाकेला येते काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे. परंतु तो एका अनपेक्षित दिशेने पाहावयाचा आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, १८५२ मध्ये, अमेरिकेत जन्मलेल्या एका नव्या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास गेला. ख्रिस्त आजही माणसाला प्रत्यक्ष भेटतो, त्याला पाहता येते, असे त्याच्या पंथाचे सांगणे होते. ज्या भूमीत ‘भेटीलागी जीवा’ लागलेली आस हा काव्याचा आणि जगण्याचा विषय झालेला होता, त्या भूमीत हे सांगणे ऐकले जाईल अशी कोणाचीही अपेक्षा झाली असती. प्रत्यक्षात मराठी माणसाने ते जवळजवळ ऐकलेच नाही. असे का झाले, आणि ज्या मराठी माणसांनी ख्रिस्ताची भेट खरोखर शोधली त्यांनी ती कोणत्या वाटेने शोधली, हे पाहण्यासारखे आहे.

आपण आपल्या घरापासूनच आरंभ करू. गोमंतकात ख्रिस्ताचे नाव प्रथम आले ते राज्यसत्तेच्या बरोबर. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, दैवते खाडीपलीकडे हलविली गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्व्यास आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. मधला थोडा खंड सोडल्यास ती १८१२ पर्यंत चालली. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरलेला होता. लईराई शिरगावात राहिली आणि तिची बहीण म्हापशास ‘सायबीण’ झाली, या लोककथेच्या मुळाशी इतिहासाचा हा भूगोल आहे.

परंतु त्या काळाची ही एकच बाजू नव्हे. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स सासष्टीच्या ख्रिस्ती लोकांत चाळीस वर्षे वावरला. ज्यांची पुराणे काढून घेतली गेली त्या लोकांना पुराणाची भूक आहे, हे त्याने ओळखले आणि मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचिले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. ख्रिस्ताला ऐकण्याचा मार्ग मराठी कानातून जातो, हे ज्ञान या परकीय माणसाला होते. त्याच्या मृत्यूच्या वर्षी, म्हणजे १६१९ मध्ये, जुन्या गोव्याजवळच्या एका टेकडीवरील खुरसावर लोकांना ख्रिस्ताचे दर्शन झाल्याची वार्ता पसरली. तो खुरीस आज से कॅथेड्रलमध्ये आहे. पुढे १६३६ मध्ये सांता मोनिका मठातील क्रुसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले आणि त्याच्या जखमांतून रक्त वाहिले, असे तेथील जोगिणींनी सांगितले. त्याही खुरसाची भक्ती आजवर चालत आली आहे.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट समान दिसते. दर्शन घडले ते चर्चच्या छत्राखाली, चर्चने त्याची नोंद घेतली आणि त्याला देवळात जागा दिली. भक्ताचा अनुभव संस्थेने स्वीकारला म्हणून तो टिकला. संस्थेने तो नाकारला असता तर काय झाले असते, हे त्याच शहरातील इन्क्विझिशनचा वाडा सांगत होता. ज्या सत्तेने दर्शनास मान दिला तीच सत्ता शेजारच्या गल्लीत माणसाच्या श्रद्धेची झडती घेत होती. भेटीचा अनुभव कोणाच्या मालकीचा, भक्ताच्या की मंडळीच्या, हा प्रश्न येथे प्रथम उभा राहतो. पुढे तो वारंवार भेटणार आहे.

आता अमेरिकेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागात धर्मजागृतीच्या लाटांवर लाटा येत होत्या. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट असे प्रत्येक मंडळीचे उपदेशक आपापला मार्गच खरा म्हणून सांगत. पाल्मायरा गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबातील जोसेफ स्मिथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा या कलकलाटाने भांबावला. ज्याला शहाणपण कमी आहे त्याने देवाजवळ मागावे, हे याकोबाच्या पत्रातील सांगणे त्याच्या वाचनात आले आणि १८२० च्या वसंत ऋतूत घराजवळच्या राईत जाऊन त्याने एकट्याने प्रार्थना केली. तेथे आपल्याला तेजोमय दर्शन झाले, असे त्याने पुढे सांगितले. १८३० मध्ये त्याने ‘मॉर्मनचा ग्रंथ’ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षीच्या ६ एप्रिल रोजी आपली मंडळी स्थापिली. तीच पुढे ‘उत्तरकालीन संतांची मंडळी’ किंवा लौकिकात मॉर्मन या नावाने ओळखली गेली.

इतिहासकाराला येथे थोडे थांबणे भाग आहे. स्मिथने त्या दर्शनाचे वर्णन एकदाच केलेले नाही. १८३२ मधील त्याच्या हस्ताक्षरातल्या निवेदनात पापक्षमेची तळमळ अग्रभागी आहे आणि प्रभूने दर्शन देऊन क्षमा केली असे तो म्हणतो. १८३८ मध्ये सांगितलेल्या आणि मंडळीत प्रमाण ठरलेल्या निवेदनात पिता आणि पुत्र अशा दोन व्यक्ती दिसल्याचे आहे, आणि खरा पंथ कोणता, हा प्रश्न तेथे मध्यवर्ती झाला आहे. टीकाकार या फरकावर बोट ठेवतात. अनुयायी म्हणतात की, एकच अनुभव माणूस वेगवेगळ्या वयात वेगवेगळ्या अंगाने सांगतो. या वादाचा निवाडा करण्याचे काम आमचे नव्हे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या निवेदनातील मुलगा स्वतःसाठी रडतो आहे. दुसऱ्या निवेदनात एका मंडळीचा प्रमुख आपल्या मंडळीचा आरंभ सांगतो आहे. एकांतातली भेट संस्थेच्या पायाचा दगड होऊ लागली की तिचे शब्द बदलतात, याचे हे उदाहरण होय.

स्मिथने हा अनुभव आपल्यापुरता राखून ठेवला नाही, हे मात्र त्याचे वैशिष्ट्य मानले पाहिजे. जो कोणी पाप सोडील, ख्रिस्ताकडे येईल, त्याचे नाव घेऊन हाक मारील, त्याचा शब्द ऐकेल आणि त्याच्या आज्ञा पाळील त्याला त्याचे मुख दिसेल, अशा आशयाचे वचन १८३३ मध्ये त्याने ईश्वरी वाणी म्हणून अनुयायांना दिले. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना एक ‘कैवारी’ पाठविण्याचे आश्वासन देतो. ते पवित्र आत्म्याविषयी आहे असे सर्वसाधारणपणे मानतात. स्मिथने १८३९ मध्ये शिकविले की, त्या पहिल्या कैवाऱ्यानंतर दुसराही एक आहे, आणि तो म्हणजे स्वतः ख्रिस्त; भक्ताची पुरेशी कसोटी झाली की तो त्याला प्रत्यक्ष भेटतो. १८३६ च्या एप्रिलमध्ये ओहायोतील कर्टलँड येथील मंदिरात आपल्याला व ऑलिव्हर कौडरी याला ख्रिस्ताने दर्शन दिल्याचे त्याने नमूद केले आहे. पुढे १८४३ मध्ये पित्याला आणि पुत्राला मांसाचे व अस्थींचे शरीर आहे, असाही सिद्धांत त्याने मांडला.

आपल्याकडील वाचकाला या शिकवणुकीत ओळखीची खूण पटल्यावाचून राहणार नाही. देव निराकार, अगोचर, केवळ बुद्धीने जाणावयाचा, असे युरोपातील धर्मशास्त्र सांगत असता हा अशिक्षितप्राय तरुण सगुण साकार देवाची भाषा बोलत होता. देवाला मुख आहे, हात आहेत. तो उभा राहतो, बोलतो, नावाने हाक मारतो. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याला यात विपरीत वाटण्यासारखे काही नाही. इतर ख्रिस्ती पंथीयांना मात्र हे पाखंड वाटले. मिझुरीतून हकालपट्टी झाली, इलिनॉयमध्ये १८४४ च्या २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला ठार केले आणि १८४७ मध्ये ब्रिघम यंग याच्या नेतृत्वाखाली अनुयायी युटाच्या ओसाड प्रदेशात जाऊन वसले.

तेथे घडी बसते न बसते तोच या मंडळीने पूर्वेकडे प्रचारक धाडले. १८५१ मध्ये जोसेफ रिचर्ड्स आणि विल्यम विल्स कलकत्त्यास आले. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईस उतरला. मुंबईत पाऊल ठेवताच त्याला वृत्तपत्रांच्या आणि इतर मिशनऱ्यांच्या विरोधास तोंड द्यावे लागले. तो पुण्यास गेला. तेथील छावणीत गोरे सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यात त्याने प्रचार केला आणि मूठभर माणसांची एक शाखाही उभी केली. लष्करी अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. दरम्यान १८५२ च्या ऑगस्टमध्ये युटातील मंडळीने आपल्यातील बहुपत्नीकत्वाची चाल उघडपणे जाहीर केली होती. ती बातमी १८५३ मध्ये हिंदुस्थानात पोहोचली आणि जी काही कवाडे किलकिली होती तीही बंद झाली. ‘हिंदुस्थानातील मराठ्यांना’ उद्देशून, खऱ्या आणि जिवंत देवाविषयी एक पुस्तिका फिंडलेने १८५५ च्या सुमारास मुंबईत छापली. परंतु तोवर वेळ निघून गेलेली होती. १८५६ च्या सुमारास हिंदुस्थानातील हे मिशन आटोपले. जे थोडे लोक मंडळीत आले होते, त्यांतील काही युटास निघून गेले.

या अपयशाची बाह्य कारणे उघड आहेत. प्रचारकांजवळ पैसा नव्हता, शाळा नव्हत्या, छापखाना नव्हता. आणि ‘सियोनात’ म्हणजे युटात येऊन राहा हे त्यांचे आमंत्रण समुद्रापारचे होते. जातीबाहेर पडण्याची किंमत मोजण्यास तयार असलेल्या माणसालाही घरदार आणि देश सोडून जगाच्या दुसऱ्या टोकास जा म्हणणे हे अतीच होते. परंतु याहून खोल असे एक कारण आम्हांस दिसते. ज्याला भेटीची तहान आहे अशा माणसापर्यंत फिंडले पोहोचलाच नाही. तो छावणीत होता. ती माणसे गावात होती. त्याच दशकात, त्याच मुलखात, ती होती हे निश्चित सांगता येते.

बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेले बाबा पदमनजी हे त्यांपैकी एक. मुंबईतील फ्री चर्चच्या विद्यालयात शिकत असता त्यांच्या मनात जी खळबळ सुरू झाली तिचा वृत्तांत त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात दिला आहे. युक्तिवादाने पटणे निराळे आणि अंतःकरणाने शरण जाणे निराळे, हा भेद त्यांना वर्षानुवर्षे छळत होता. १८५४ च्या सप्टेंबरात बेळगावी त्यांचा बाप्तिस्मा झाला. फिंडले पुण्याच्या छावणीतील गोऱ्यांना ख्रिस्ताच्या दर्शनाविषयी सांगत होता त्याच सुमारास हा कासार जातीतील तरुण घरच्यांच्या अश्रूंतून वाट काढीत होता. दोघांची गाठ पडली असती तर काय झाले असते, हा तर्क व्यर्थ आहे. तथापि एवढे खरे की, एकाजवळ दर्शनाचा सिद्धांत होता आणि दुसऱ्याजवळ दर्शनाची तळमळ. आणि दोघांच्या मध्ये भाषेची, जातीची आणि छावणीच्या कुंपणाची भिंत होती.

ही तळमळ सर्वांत स्पष्टपणे आपल्यापुढे मांडली ती पंडिता रमाबाईंनी. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह देशभर क्षेत्राहून क्षेत्रास पायी फिरत होते. पुराणे सांगत, व्रते करीत, दानधर्म करीत. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले. देव प्रसन्न व्हावा म्हणून जे जे करावयाचे ते सर्व या कुटुंबाने केलेले होते. पुढे इंग्लंडात वाँटेज येथे १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांचा शोध तेथे थांबला नाही. त्रैक्य, चर्चचा अधिकार, कोणावर किती विश्वास ठेवावा या प्रश्नांवर त्यांनी आपल्या मार्गदर्शक जोगिणींशी पत्रांतून निर्भयपणे वाद घातला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानलेला देव आपल्याला पुरेसा नाही, हेच त्या वादाचे सार होते.

नंतर आपल्या साक्षपत्रात रमाबाईंनी एक कबुली दिली आहे. तिचा आशय असा की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालेला होता; पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नव्हता. १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन वाचल्यावर, त्यांना ही उणीव उमगली. हॅस्लम हा स्वतः धर्मोपदेशक असूनही आपण अजून ख्रिस्ताला भेटलेलोच नाही हे ज्याच्या ध्यानात आले, असा माणूस होता. रमाबाई त्या वेळी पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. विद्वत्ता, कीर्ती, कार्य, सर्व काही होते. अशा स्थितीत ‘माझ्याजवळ मुख्य गोष्टच नाही’ असे स्वतःशी कबूल करणे याला जे धैर्य लागते ते सामान्य नव्हे.

रमाबाईंनी आकाशातले तेज पाहिल्याचे सांगितले नाही. त्यांच्या भेटीत मुख दिसत नाही, शांती दिसते. तरीही ती भेट त्यांच्या दृष्टीने प्रत्यक्ष होती आणि तिची फळे जगाने पाहिली. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले, दुष्काळातील शेकडो अनाथ मुली तेथे वाढल्या. १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेची जी लाट उसळली तिच्यात मुली रडत, पापांची कबुली देत, तासन्‌तास प्रार्थना करीत. या घटनेकडे संशयाने पाहणारे होते, तसे आदराने पाहणारेही होते. रमाबाईंनी त्या लाटेवर नवा पंथ उभारला नाही. त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबल उतरविण्याच्या कामाला लागल्या, आणि १९२२ मधील मृत्यूपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही. १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्याची आपल्याला भेट झाली त्याचे शब्द दुसऱ्याच्या कानी त्याच्याच बोलीत पडावेत, एवढाच त्यांचा हव्यास होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा मार्ग निराळा होता. कोकणातील करजगाव येथे जन्मलेल्या या कवीला आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार भेट दिला, ही हकीकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर घरात जे वादळ उठले ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या निर्मळ विनोदाने आणि वेदनेने सांगितले आहे, त्याची पुनरुक्ती येथे नको. टिळक ख्रिस्ताकडे गेले ते तुकारामाच्या पुलावरून, असे त्यांचेच म्हणणे होते. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. ख्रिस्त त्यांच्या काव्यात गुरू म्हणून, माउली म्हणून, सखा म्हणून येतो. तीन शतकांपूर्वी स्टीफन्सने जी वाट ओवीने आखली तीच टिळकांनी अभंगाने चालविली.

परंतु टिळकांनाही तो जुना प्रश्न टळला नाही. ते अमेरिकन मराठी मिशनचे वेतन घेणारे सेवक होते. आणि वेतन घेऊन सांगितलेला ख्रिस्त देशबांधवांना परका वाटतो, हे त्यांना डाचत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास वास्तव्य केले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसमाज काढला. ख्रिस्ताचा शिष्य म्हणविणाऱ्या कोणालाही त्यात स्थान होते. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. भेट आधी आणि मंडळी नंतर, असा तो क्रम होता. १९१९ च्या मे महिन्यात टिळकांचे देहावसान झाले आणि दरबार मूळ धरण्यापूर्वीच विरला.

स्मिथ आणि टिळक यांची तुलना येथे आपोआप उभी राहते. एकाची भेट संस्था झाली. तिला अधिकाराची उतरंड, मंदिरे, विधी आणि शिस्त लाभली. म्हणून ती टिकली आणि आज तिचे अनुयायी जगभर कोटीच्या वर आहेत. त्याच शिस्तीच्या पोटी बहुपत्नीकत्वासारखे प्रकारही ईश्वराज्ञा म्हणून माथी मारले गेले, आणि १८९० मध्ये ते मागे घ्यावे लागले. दुसऱ्याची भेट संस्थेच्या बाहेर पडली. तिने कोणावर सत्ता गाजविली नाही, आणि ती टिकलीही नाही. उरले ते अभंग. लाभहानीचा हा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

मॉर्मन मंडळीतही हा ताण आजवर मिटलेला नाही. प्रत्येकाला स्वतःपुरता ईश्वरी साक्षात्कार मिळू शकतो, ही शिकवण तेथे अजून जिवंत आहे. मात्र सर्व मंडळीसाठी वाणी ऐकण्याचा अधिकार प्रमुखाचाच मानला जातो. ख्रिस्ताच्या प्रत्यक्ष भेटीविषयी तेथील थोरामोठ्यांचा कल मौनाकडे असतो. असा अनुभव पवित्र असतो, तो चव्हाट्यावर मांडू नये, असे ते सांगतात. तरीही एकेकटे साधक या भेटीचा ध्यास घेतात आणि मंडळीच्या शिस्तीशी त्यांचा खटका उडण्याचे प्रसंगही आले आहेत. भारतात ही मंडळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा आली. १९९३ मध्ये बंगळूर येथे तिचे मिशन स्थापन झाले, २०१८ मध्ये तेथेच मंदिर बांधण्याचे घोषित झाले आणि २०२० च्या डिसेंबरात त्याच्या बांधकामास आरंभ झाला. फिंडलेच्या काळी युटास यावे लागे. आता मंदिरच इकडे आले. छावणीच्या कुंपणात अडकलेल्या त्या प्रचारकाला हे पाहून समाधान वाटले असते.

तथापि मंदिर आले म्हणजे भेट झाली, असे नव्हे. या साऱ्या इतिहासातून आम्हांस जे दिसते ते थोडक्यात असे. भेटीची तहान कोणत्याही एका पंथाची नाही. पाल्मायराच्या राईत ती होती, केडगावात होती, साताऱ्यास होती. ती तहान जिथे माणसाच्या स्वतःच्या भाषेत बोलली तिथे तिला फळ आले. जिथे ती परक्या छावणीतून हुकमाच्या किंवा वादाच्या स्वरात आली तिथे ती विरून गेली. गोमंतकाने तर हुकमाचा स्वर अडीच शतके ऐकला. त्या हुकमाने देवळे पडली. परंतु कोणाला देव भेटला असेल तर तो त्या हुकमाने खास नव्हे. ख्रिस्ती घरांत जी खरी भक्ती वाढली ती स्टीफन्सच्या ओव्यांनी, खुरसापुढच्या लादायनीने आणि आईच्या मांडीवर शिकलेल्या कोंकणी प्रार्थनांनी.

दुसरी गोष्ट कसोटीची. कोणाला काय दिसले हे इतिहासकाराला तपासता येत नाही. त्या राईत काय घडले हे त्या मुलालाच ठाऊक, आणि त्या रात्री रमाबाईंच्या मनात काय घडले हे रमाबाईंनाच. परंतु भेटीनंतर माणूस काय करतो ते तपासता येते. तो अधिक नम्र होतो की अधिक हुकमी, त्याच्या दारी अनाथाला आसरा मिळतो की नाही, आपला अनुभव तो दुसऱ्यावर लादतो की नाही, हे प्रश्न विचारणे इतिहासाच्या कक्षेत येते. तुकोबांपासून रमाबाईंपर्यंत आपल्या परंपरेने साक्षात्काराची हीच पारख केली आहे.

आता पुन्हा शिरगावास येऊ. जत्रेची गर्दी वर्षागणिक वाढत गेली आहे. ३ मे २०२५ च्या पहाटे तेथे चेंगराचेंगरी होऊन भाविक प्राणास मुकले, ही जखम गोव्याच्या मनावर ताजी आहे. देवाच्या भेटीस निघालेल्या माणसाला माणसांच्याच गर्दीने चिरडावे, यासारखे दुःख नाही. गर्दी ही पंथांचीही असते, मतांचीही असते, आणि तिच्यात सापडलेला साधक पुष्कळदा असाच गुदमरतो. म्हणूनच होमकुंडाची रीत आम्हांस बोलकी वाटते. हजारो धोंड एकत्र येतात, एकत्र नाचतात, एकच नाव घेतात. परंतु निखाऱ्यांवर पाय पडतो तो प्रत्येकाचा आपला. दुसऱ्याने ओलांडलेला अग्नी आपल्या कामी येत नाही. पलीकडे गेल्यावर धोंड आपल्याला काय दिसले ते सांगत बसत नाही. तो काठी सांभाळतो, आणि उजाडले की घरची वाट धरतो.